पिवळ्या पानांचा इलाज

आमच्या बाबांना पिवळं पान दिसलं की चैन पडत नाही. शेत कुणाचंही असो, ते बांधावर थांबतात, पान तोडतात, उलटं करून बघतात, शिरा हिरव्या आहेत की त्याही पिवळ्या पडल्यात ते तपासतात आणि मग त्या शेताच्या मालकाला शोधत गावभर फिरतात. "झिंक कमी पडून राह्यलं तुह्या कपाशीले," नाहीतर "मुळाशी पानी साचलं, चर काढ आधी." आमच्या बेला गावाच्या आसपास कुणाची कपाशी पिवळी पडली की माणूस दोन पानं रुमालात गुंडाळून चंपतरावांच्या, म्हणजे बाबांच्या, अंगणात येतो. कडुनिंबाखाली बाबांची बाज असते. चहा होतो, पान हातोहात फिरतं आणि निदान ठरतं. फी काही नाही. फक्त ऐकून घ्यावं लागतं, आणि बाबांचं बोलणं आखूड नसतं.

मी त्यांची मुलगी, दीपमाला. गावातल्याच मराठी शाळेत शिकवते, आणि सासरही गावातच, दोन गल्ल्या सोडून. गावातच दिलेली लेक नशीबवान, असं लोक म्हणतात. त्यांना काय जातंय म्हणायला. माहेरी भांड्याला भांडं लागलं की आवाज आधी माझ्या घरी ऐकू येतो आणि हातातली पोळी टाकून मलाच धावावं लागतं. गेल्या वर्षी मात्र काही आवाजच आला नाही, आणि पंचाईत तीच होती.

माझा भाऊ लखन, त्याची बायको सपना. ती आदिलाबादची. वडील लहानपणीच गेले, आईने ब्लाऊज शिवून सपनाला आणि तिच्या धाकट्या भावाला, सुरजला, वाढवलं. सपनाच्या लग्नाला वर्ष व्हायच्या आतच पौषात तिची आई गेली. सगळं आटोपून सपना परत आली तेव्हा तिच्या मांडीवर तेलाचा एक जुना डबा होता आणि डब्यात वीतभर झुडूप. दुरंटा. पानं सोन्यासारखी पिवळी, बाराही महिने तशीच.

आदिलाबादच्या त्यांच्या घराला याच झुडपाचं कुंपण होतं. शहरात रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर लावतात ना, तेच. मजूर कातरणी करून ढीग टाकून जातात. सपनाच्या आईने एका पावसाळ्यात त्या ढिगातल्या काड्या कवळाभर उचलून आणल्या, घराभोवती खोचल्या, आणि बहुतेक सगळ्या जगल्या. पैसा लागला नाही, मेहनत मात्र लागली. दर दोन-तीन महिन्यांनी ती स्वतः कात्री घेऊन उभी राहायची. कापडाला सरळ कापणारा हात झाडालाही सरळच कापायचा. घर साधं, पत्र्याचं. पण रस्त्यावरून येताना ते कुंपण उन्हात असं झळकायचं की माणूस थांबून बघायचा. लग्नाची बोलणी करायला गेलो तेव्हा मीही थांबले होते. बाबा मात्र त्या दिवशी शेतात फवारणी होती म्हणून आले नव्हते, आणि लग्न लागलं आमच्या गावात. सपनाची आई गेली तेव्हाही ते तापाने अंथरुणात होते. त्यांनी ते कुंपण पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं.

सपनाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तिचं शिक्षण तेलुगू शाळेतलं. आमच्याशी बोलते ती आमच्यासारखीच, पण काही लागलं की तिच्या तोंडून तेलुगू निघतं. हातावर चहा सांडला, "पर्वालेदु." लखन बाजारातून तिने सांगितलेली वस्तू विसरून आला, "पर्वालेदु." म्हणजे असू द्या, काही हरकत नाही. हा शब्द आला की समजायचं, काहीतरी दुखलंय. मला कळायला वेळ लागला. लखनला अजून कळलेलं नाही, आणि त्याच्याकडून माझी अपेक्षाही नाही.

डबा तिने अंगणात, उन्हात ठेवला. रोज सकाळी चहाचा पेला घेऊन ती त्या झुडपापाशी उभी राहायची. रडायची नाही. नुसती उभी. घरात कामं सगळी करायची, पण बोलणं मोजकं, जेवण चिमणीचं. आमची आई म्हणायची, "लेकरू आतून सुकून राह्यलं." बाबा काही बोलत नव्हते. ते सून जिकडे बघते तिकडे बघत होते, आणि तिकडे त्यांना दिसत होती पिवळी पानं.

त्यांच्या दृष्टीने सगळा उलगडा झाला. पोरीच्या आईची एकच आठवण, आणि ती डोळ्यांसमोर मरतेय. पोरगी सुकणार नाही तर काय.

"बाबा, ते झाडच तसं असतं," मी एकदा म्हणाले. "शहरात रस्त्याच्या मधात पाहिलं नाही का तुम्ही?"

"पाह्यलं ना. सरकारी झाडं हायत ते. त्याईले खत कोन टाकते? पिवळीच राह्यतीन."

चाळीस वर्षं कपाशीची पानं वाचणाऱ्या माणसाला मी शाळामास्तरीण झाडं शिकवणार का? मी पाटी टाकून दिली.

पावसाळ्यात सपना आदिलाबादला गेली. तिचं बी.एड. चालू होतं आणि शाळेतल्या सरावाच्या पाठांसाठी तिला दोन-अडीच महिने भावाकडे राहावं लागणार होतं. जाताना आईला म्हणाली, "झाडाले पानी टाकजा." बाबांनी ऐकलं आणि मनाशी ठरवलं की पोरगी परत यायच्या आत झाड बरं करायचं.

त्यांनी कपाशीलासुद्धा असा जीव लावला नसेल. झुडूप डब्यातून काढलं आणि कडुनिंबाच्या गार सावलीत, मोरीचं पाणी जिरतं त्या भुसभुशीत जागेत लावलं. शेणखत दिलं. युरिया दिला. लोह कमी असेल म्हणून हिराकस पाण्यात विरघळवून फवारलं. दुपारचं ऊन फांद्यांतून खाली यायचं तर तिकडून आईचं जुनं लुगडं बांधलं. आई म्हणाली, "माह्यासाठी कधी सावली केली नाही एवढी." बाबा म्हणाले, "तू कुठं पिवळी पडली?"

आणि झाडाने ऐकलं. हळूहळू पानं पोपटी झाली, मग हिरवी, मग गर्द हिरवी. पोळा येईतो ते कमरेएवढं झालं. पान न पान हिरवं, तुकतुकीत. मी रोज येताजाता बघत होते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, पण बाबांना मारुती दिसतच नव्हता. त्यांना गणपतीच दिसत होता, मखरासकट.

सपना परत आली त्या संध्याकाळी मी माहेरीच होते. ती ऑटोतून उतरली तोच बाबा फाटकात.

"बाई, हात-पाय मंग धू. आधी अथी ये."

तिला घेऊन ते कडुनिंबाखाली आले. लुगडं बाजूला केलं.

"वळखू येते काय? तुह्या मायचं झाड हाय. मेल्यात जमा व्हतं. आता एक पान पिवळं दाखव मले."

सपना बघत राहिली. तिने हात पुढे केला, एक पान दोन बोटांत धरलं, सोडलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. एखाद्याने तिची आई दुसऱ्यांदा नेली असावी तसं ते तोंड झालं होतं. मग तिने पदर सारखा केला आणि बाबांकडे वळली.

"एकबी नाही, मामाजी. लय छान झालं."

बाबा हसले. माझे बाबा असे क्वचित हसतात, सगळे दात दिसतील असे. ती आत गेली तशी मीही मागोमाग गेले. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"सपना, मी आत्ताच्या आत्ता सांगते त्यांना."

"नोको, ताई." ती वळली नाही. "पर्वालेदु."

"काय पर्वालेदु? तुझ्या आईचं झाड आहे."

"तिकडं कुंपण हाय ना सगळं. मायचं झाड तिकडं हाय. अथचं मामाजीचं राहू द्या." मग माझा हात धरून म्हणाली, "माही आन हाय तुमाले."

शपथ घातल्यावर माझं तोंड शिवलं गेलं. राग मात्र शिवता येत नाही. दसऱ्याला, दिवाळीला जो येईल त्याला बाबा कडुनिंबाखाली न्यायचे. "सुनेच्या मायचं झाड. पार पिवळं पडलं व्हतं." लोक माना डोलवायचे. शेजारच्या प्रयागबाईने तर आपली पिवळी पडलेली मोगऱ्याची कुंडी आणून तिथे ठेवली, दवाखान्यात रुग्ण आणून ठेवावा तशी. आणि सपना चहाचा पेला घेऊन अंगणात यायची बंद झाली. आता ती चहा चुलीजवळच प्यायची. बाबांना वाटलं पोरीची चिंता मिटली. मला वाटायचं हे झाड उपटून त्यांच्या बाजेवर आपटावं. हे मी मोठ्या प्रेमाने म्हणतेय.

पौषात सपनाच्या आईचं वर्षश्राद्ध आलं. आम्ही सगळे जीप करून आदिलाबादला गेलो. थंडी इतकी की शेतांवर धुकं उतरून बसलं होतं आणि बाबांनी मफलर नाकापर्यंत ओढला होता. घरापाशी जीप थांबली आणि सपना उतरलीच नाही. ती काचेतून नुसती बघत होती.

कुंपण नव्हतं. घराभोवती पायाचा चर खणलेला, विटा रचलेल्या. सुरजला भिंत घालायची होती, गवंडी मिळाला, मशीनवालाही मिळाला, आणि आदल्या दिवशी एका तासात सगळं उपटून झालं होतं. रस्त्याच्या कडेला दुरंट्याचा ढीग पडला होता, मुळं मशीनने चिरडलेली.

"ताई, रस्त्यावरचे ढोरं घुसून राह्यले आंगनात," सुरज तिला समजावत होता. तो काही वाईट मुलगा नाही. "अन् तुह्याकडं हाय ना एक. मायचं तेच आता. जपजो त्याले."

सपनाने मान हलवली. एवढंच. "पर्वालेदु"सुद्धा म्हणाली नाही, आणि मला तेच भीतीदायक वाटलं.

विधी सुरू झाले. पिंड, पान, ब्राह्मण, सगळं आपल्या गतीने चाललं होतं. मध्येच माझ्या लक्षात आलं की बाबा जागेवर नाहीत. बाहेर येऊन बघते तर ते ढिगाशी उकिडवे बसले होते. धुकं उठलं होतं, ढिगावर ऊन पडलं होतं. थंडीमुळे पानं अजून पुरती कोमेजली नव्हती. अख्खा ढीग पिवळा, झळझळीत.

बाबांनी एक फांदी उचलली. पान उलटं केलं. शीर बघितली. डाग नाही, कीड नाही, कडा करपलेली नाही. पान बोटांत चोळलं. दुसरी फांदी घेतली, तिसरी घेतली. शेतात निदान करतात तसंच चाललं होतं, फक्त बोलत नव्हते. मग त्यांच्या हाती एक मोठं झुडूप आलं, अर्धं पिवळं आणि अर्धं हिरवं. ते हातात धरून त्यांनी फिरवून फिरवून बघितलं. तेवढ्यात हात धुवायला बाहेर आलेल्या सुरजला बोलावलं.

"हे कुठलं?"

"टाकीजवळचं, मामाजी. हे बाजू टाकीच्या सावलीत व्हती. सावलीत त्याचा रंग जाते. माय त्याच्यानं कटाळे, म्हने टाकी हलव तिकून."

"रंग जाते," बाबा म्हणाले.

"हो. उनच पायजे त्याले. अन् खत कमी."

सुरज गेला. बाबा ते झुडूप हातात धरून तसेच बसून राहिले. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. इतके महिने दाबून ठेवलेला राग कुठे गेला ते कळलं नाही. म्हाताऱ्याचा मफलर सुटून लोंबत होता, तो मी नीट केला.

"तुले ठाव व्हतं," ते म्हणाले.

"तिने शपथ घातली होती."

त्यांनी मान हलवली. मग उठून सरळ, टपोऱ्या काड्या निवडायला लागले. ओल्या पोत्यात गुंडाळून ते गाठोडं त्यांनी परतीच्या वाटेवर मांडीवर घेतलं, सपनाने एकदा डबा घेतला होता तसं. त्या काड्या त्यांनी लावल्याही. पण आमच्याकडची पौषातली थंडी म्हणजे काड्या रुजायचे दिवस नव्हेत. एकही धरली नाही. आता जगात त्या कुंपणाचं एकच झाड उरलं होतं, बाबांनी बरं केलेलं.

काड्या वाळल्या त्या सकाळी बाबांनी सपनाला अंगणात बोलावलं. आई होती, लखन होता, मी शाळेला जाता जाता डोकावले होते. आमच्या घरात सासऱ्याने सुनेसमोर मान खाली घातल्याचं मी कधी पाहिलं नाही, ऐकलंही नाही.

"माह्यानं चुकी झाली, बाई," बाबा म्हणाले. "मले वाटलं ते बिमार हाय."

सपनाने पटकन आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवून सांगितलं की मी नाही बोलले.

"मामाजी, पर्वा..."

"ते नोको म्हनू." बाबांना तो शब्द कधीपासून कळत होता कोण जाणे. "बोलली काऊन नाही तू?"

तिच्या डोळ्यांत वर्षभरात पहिल्यांदा पाणी आलेलं मी पाहिलं. "कशी बोलू? मी आली तवा तुमी फाटकात उभे व्हते. माय गेल्यापासून माह्या वाटंवर कोनी उभं राह्यलं नव्हतं." तिने नाक पुसलं. "झाडाचा रंग गेला त्याचं दुख झालं. पन तुमी त्याले लुगडं बांधलं व्हतं, मामाजी. मायनंबी बांधलं असतं."

लखन बैलांकडे बघत होता, त्याला तेवढंच येतं. मी मात्र सरळ पदर डोळ्यांना लावला आणि शाळेला उशीर केला.

झाड हलवायचं तर मूळ दुखावण्याची भीती, आणि ते एकुलतं एक. मग बाबांनी कुऱ्हाड घेतली आणि कडुनिंबाची दक्षिणेकडची मोठी फांदी तोडली. तीच, जिच्या सावलीत त्यांची बाज असायची. प्रयागबाई हळहळली, "हिरवा निंब तोडला, चंपतराव." आई म्हणाली, "आता उन्हाळ्यात बसान कुठं?" बाबा म्हणाले, "गोठ्यात बसन. ढोरं काय हाकलतात काय मले?" संध्याकाळपर्यंत झुडपावर लख्ख ऊन पडत होतं आणि बाजेवरही.

मग त्यांनी कात्री आणली आणि सपनाच्या हातात दिली. "तू काप. माह्या हाताचा मलेच भरोसा नाही."

तिने कापलं. पार गुडघ्याएवढं, सरळ रेषेत, तिच्या आईने कापलं असतं तसं. हिरवा ढीग पडला आणि मागे राहिल्या नुसत्या काड्या. बाबांचं तोंड उतरलं. "लय कापलं काय?" त्यांनी विचारलं. गावाला सल्ले देणारा माणूस बी.एड.च्या पोरीला विचारत होता. "एवढंच कापा लागते," ती म्हणाली.

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. आता चहाचा पेला घेऊन झाडापाशी बाबा उभे असायचे. वाकून डोळे बारीक करून एकेक काडी बघायचे आणि सुस्कारा टाकून गोठ्यात जाऊन बसायचे. युरियाची थैली त्यांनी शेतातल्या खोपटात नेऊन ठेवली, घरात मोह नको म्हणून. सपना दारातून बघायची. एक दिवस तिने आपलाही पेला घेतला आणि त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

होळीच्या सुमाराची सकाळ होती. मी दळण घेऊन येत होते आणि फाटकातूनच बाबांचा आवाज ऐकला. आयुष्यभर हे शब्द त्यांच्या तोंडी काळजीचे. बांधाबांधांवरून ओरडून त्यांनी शेतकऱ्यांना घाबरवलंय या शब्दांनी. त्या दिवशी मात्र त्यांत काळजी नव्हती.

"बाई, लवकर ये. पिवळं पडून राह्यलं."

सपना पिठाच्या हातांनी धावत आली. काडीच्या डोळ्यातून नखाएवढी दोन पानं फुटली होती. पिवळी. ती खाली बसली, पिठाचं बोट त्यांना लागू नये म्हणून हात मागे धरून बघत राहिली, आणि हसली. बाबांनी तोंड फिरवलं आणि मफलर नसतानाही मफलर शोधायला लागले.

यंदा पाऊस जास्त झाला आणि पुन्हा सगळ्यांच्या कपाशी पिवळ्या पडल्या. परवा एक शेतकरी रुमालात पानं घेऊन आला. अंगणात बघतो तर डॉक्टरच्याच दारात कमरेएवढं पिवळंधमक झुडूप. तो थांबला, एकदा झाडाकडे आणि एकदा रुमालाकडे बघितलं.

"मामा, तुमच्याच घरी पिवळं पडलं, तं मी काय इचारू तुमाले?"

बाबा गोठ्यातून उठून आले. एकेकाळी या प्रश्नाने त्यांची झोप उडाली असती. त्यांनी रुमाल घेतला, कपाशीचं पान उलटं करून बघितलं.

"हे बिमार हाय. पानी काढ शेतातलं." मग झुडपावरून हात फिरवला. "हे बिमार नाही. हे माह्या सुनेच्या मायचं हाय."

"गावात लोकं हसून राह्यले, मामा."

"पर्वालेदु," बाबा म्हणाले, आणि सपनाला चहा टाकायला सांगितला.